बाहीखालचं नाव

काल आमच्या बेंगळुरूतल्या व्हाइटफील्डच्या सोसायटीच्या फाटकाबाहेर अवरेकाईची या थंडीतली पहिली हातगाडी लागली. अवरेकाई म्हणजे आपल्याकडचा पावटाच, पण इथल्या माणसांसमोर असं म्हणू नये, त्यांना ते लागतं. या शेंगेच्या सालीला एक तेलकट, उग्र, ओलसर मातीसारखा वास असतो. तो बोटांना लागला की साबणानं जात नाही. इथली माणसं शेंग डोळ्यांनी घेतच नाहीत, नाकानं घेतात. मीही एक उचलून नाकाशी धरली आणि गाडीवाल्यानं ‘सरी ना, मॅडम?’, म्हणजे ठीक आहे ना, असं दोनदा विचारेपर्यंत तशीच उभी राहिले.

एवढ्याशा शेंगेनं मला थेट चिकपेटात, इथल्या जुन्या कापडबाजारात, नेऊन सोडलं, सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या हिवाळ्यात. माझं लग्न होऊन सात महिने झाले होते. पुण्याहून आलेली मी, कॅन्टोन्मेंटकडच्या एका कंपनीत संगणकावर काम करायची आणि संध्याकाळी बसच्या गर्दीतून सुटून कापडाच्या गठ्ठ्यांमधून वाट काढत घरी यायची. घर दुकानाच्या वर होतं. खाली अण्णा, म्हणजे माझे सासरे, ब्लाऊज शिवायचे. त्याच दुकानाच्या दुसऱ्या बाजूला अक्का, माझ्या सासूबाई, भरतकामासाठी नक्षी उतरवून द्यायच्या. पातळ कागदावर नक्षी काढायची, रेघेरेघेवर बारीक सुईनं टोचून भोकं पाडायची. असा टोचलेला कागद म्हणजे खाका. खाका कापडावर ठेवून रॉकेलमध्ये कालवलेल्या निळीचा बोळा वरून फिरवला, की नक्षी ठिपक्याठिपक्यांनी कापडावर उतरते. मग बायका ती घरी नेऊन धाग्यानं भरायच्या. दुकानात नीळ, रॉकेल आणि गरम इस्त्रीखालचं ओलं सुती कापड यांचा मिळून एक वास असे. तो मला पहिल्या दिवशी नकोसा वाटला आणि पहिल्या महिन्याअखेरीस तो आला की आपण घरी पोचलो असं वाटायला लागलं.

हे घराणं चार पिढ्यांचं इथलं. त्यांचं मराठी ऐकून मला आधी आधी हसू यायचं. ‘स्वल्प सरक ग’, ‘सरी मग, ये जाऊन’. मी पडले पुण्याची, माझ्या मराठीला सोवळ्याचा माज होता. तो कधी उतरला ते कळलंच नाही. आता मी रिक्षावाल्याशीच काय, देवाशी बोलतानाही ‘स्वल्प बघ की’ म्हणते.

तर त्या हिवाळ्यातल्या एका रविवारी आम्ही दोघी स्वयंपाकघरात भिजवलेल्या अवरेकाईचं परातभर काम घेऊन बसलो होतो. भिजलेला दाणा चिमटीत दाबला की सालीतून टुणकन बाहेर उडतो. दहा-बारा दाण्यांनंतर हात आपोआप चालायला लागतात आणि मग तोंडही चालतं. मी ऑफिसातल्या गप्पा सांगत होते. अक्का हसत होत्या. त्यांच्या ब्लाऊजच्या बाह्या मनगटापर्यंत होत्या, नेहमीसारख्याच, मनगटाशी दोन हुकांनी बंद केलेल्या. पाणी बाहीतून वर वर चढत होतं. मी म्हटलं, अक्का, बाह्या वर करा की. त्या म्हणाल्या, असू दे. मी पुन्हा म्हटलं. त्या पुन्हा म्हणाल्या, असू दे. मग मी त्यांचा हात धरला, हूक काढले आणि बाही कोपरापर्यंत सारली. मला वाटलं मी सासूची सेवा करते आहे. पुण्यात सेवा करताना समोरच्याला विचारायची फारशी पद्धत नाही.

हाताच्या आतल्या, गोऱ्या बाजूला हिरवट अक्षरांत एक नाव गोंदलेलं होतं. यशवंत. अक्षरं मोठी, बाळबोध, वरची रेघ जराशी वाकडी. माझ्या सासऱ्यांचं नाव मारुती.

अक्कांनी बाही खाली घेतली, हूक लावले, आणि परातीतला पुढचा दाणा उचलला. मीही पुढचा दाणा चिमटीत घेतला.

मग दुपारी गच्चीवर कपडे वाळत घालताना त्यांनी आपण होऊन सांगितलं. त्यांचं माहेर हुबळीचं. माहेरी चाल अशी, की सुपारी फुटली की गोंदणारीला बोलवायचं आणि मुलीच्या हातावर नवऱ्याचं नाव घालून घ्यायचं. लग्नानंतर नव्हे, आधी, म्हणजे मुलगी भरल्या हातानं सासरी जाते. अक्का तेव्हा सतरा वर्षांच्या. गोंदणारीनं गाणं म्हणत म्हणत चार सुया एकत्र बांधून टोचलं, हात सुजला, आईनं हळद लावली. आणि हातावरची खपली पडायच्या आत तिकडून निरोप आला, की मुलाला सोलापूरकडची दुसरी पसंत पडली आहे. सुपारी मोडली. अक्षरं मात्र पक्की बसली.

पुढे वर्षभरानं अण्णा मुलगी बघायला आले. अक्कांच्या वडिलांचा बाणा असा, की झाकून लग्न लावायचं नाही. त्यांनी मुलीला सर्वांसमोर हात पुढे करायला सांगितलं. तेवीस वर्षांच्या अण्णांनी ते नाव वाचलं, मान हलवली, पोह्यांची बशी संपवली आणि म्हणाले, लग्नातला ब्लाऊज मी शिवीन, हाताचं माप द्या. ब्लाऊज आला तो लांब बाह्यांचा. तेव्हापासून पस्तीस वर्षं अक्कांचे सगळे ब्लाऊज अण्णांनीच शिवले, कारागिराच्या हाती एकही दिला नाही. सगळे लांब बाह्यांचे.

“त्यांना बघवत नाही म्हणून शिवतात, की मला लाज वाटू नये म्हणून, ते कधी विचारलं नाही मी,” अक्का म्हणाल्या. त्यांनी दांडीवरचा टॉवेल उगाचच पुन्हा झटकला. “विचारलं आन् नको ते उत्तर आलं, तर मग पुढं राहायचं कसं त्या घरात?”

मी त्या टॉवेलाकडे बघत राहिले. मला माझ्या नवऱ्याच्या मनातलं सगळं सात महिन्यांत कळलं आहे असं मी तोवर समजत होते.

आणि आता तर मुदतच येऊन ठेपली होती. माघात नलूचं, म्हणजे माझ्या नणंदेचं, लग्न ठरलं होतं. लग्नाआधी कासारीण घरी येते, दोन्हीकडच्या बायका गोल करून बसतात, आणि नवरीच्या मागोमाग नवरीच्या आईलाही सगळ्यांसमोर कोपरापर्यंत हात मोकळा करून हिरव्या बांगड्या भरून घ्याव्या लागतात. बेळगावच्या विहीणबाई चार हातांवर बसणार होत्या, आणि त्यांना मराठी वाचता येत होतं. मी विचारलं, मग आमच्या लग्नात काय केलंत? तर म्हणे हाताला फडकं बांधलं होतं, दूध उतू गेलं म्हणून सांगितलं होतं. मला एकदम आठवलं. आमच्या अल्बममधल्या प्रत्येक फोटोत सासूबाईंच्या हाताला ते पांढरं फडकं आहे, आणि माझ्या आईनं पुण्याहून बरनॉलची ट्यूबसुद्धा पाठवली होती. तीच गोष्ट दुसऱ्यांदा सांगायची अक्कांची तयारी नव्हती. त्यांना त्या नावावर दुसरं काहीतरी गोंदवून ते बुजवायचं होतं. आणि अण्णांना कळू न देता.

चोरून केलेल्या कामाची एक वेगळीच मजा असते, ती त्या महिन्यात आम्ही दोघींनी पुरेपूर घेतली. सासू-सून मिळून बाजारात जातायत म्हणून गल्लीतल्या बायका कौतुक करायच्या. आम्ही जायचो गोंदणारे शोधायला.

पहिला मार्केटच्या बाहेर फुटपाथवर बसायचा. एक बॅटरी, एक घरघरणारं यंत्र, आणि मागे पत्र्यावर रंगवलेले नमुने: नाग, गुलाब, बाणानं फोडलेलं हृदय. माझं लक्ष त्याच्या सुईवर. तीच सुई एकाच्या हातातून निघायची, वाटीतल्या शाईत बुडायची आणि दुसऱ्याच्या हातात शिरायची. मासिकांतून वाचलेले सगळे आजार माझ्या डोळ्यांसमोर उभे राहिले. अक्कांनी सुईकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी एका गिऱ्हाइकाच्या दंडावर नुकताच काढलेला नाग निरखला आणि मला कोपरानं ढोसलं. म्हणाल्या, रेघ थरथरतीये बघ, ह्याला मी पोलक्याची बाहीही देणार नाही.

दुसरी एक म्हातारी हच्चेवाली होती, म्हणजे हातानं गोंदणारी, कपाळभर हिरवे ठिपके असलेली, दर मंगळवारी फुलबाजारापाशी बसणारी. तिची रेघ अक्कांना पसंत पडली. तिनं हात मांडीवर घेतला, नाव बोटानं चाचपलं, वाचायला तिला येत नव्हतं. काय आहे हे, तिनं कन्नडमधून विचारलं. नाव आहे, अक्का म्हणाल्या. झालं. म्हातारीनं हात परत त्यांच्या मांडीवर ठेवला. नवऱ्याचं नाव मी मोडत नाही, म्हणाली, पाप कुणी घ्यायचं? आता ते नवऱ्याचं नव्हेच, हे तिला सांगायचं म्हणजे भर बाजारात सगळी हकीकत उलगडायची. अक्कांनी तिला पानसुपारी दिली आणि आम्ही उठलो. थोडं पुढे गेल्यावर अक्का शेवंतीच्या ढिगाशी थांबल्या आणि पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. ते सगळंच पाणी हसण्याचं नव्हतं.

तिसरा मला ऑफिसातल्या एका मुलीनं सांगितला. ब्रिगेड रोडच्या एका गल्लीत, कॅसेटच्या दुकानावर, अरुंद जिना चढून. डेरिक नाव, चाळिशीचा, दोन्ही हातांवर मनगटापासून खांद्यापर्यंत जहाजं आणि लाटा. मला वाटलं, अक्का दारातूनच मागे फिरतील. पण त्या खुर्चीवर बसल्या, पदर सावरला आणि त्याला म्हणाल्या, कागदावर एक वेल काढून दाखव. डेरिकनं आयुष्यात पुष्कळ गिऱ्हाइकं बघितली असतील, पण परीक्षा घेणारं पहिलंच असावं. त्यानं निमूटपणे काढला. अक्कांनी कागद उजेडाला धरला, तिरपा धरला, आणि विचारलं, जुनं काम बघायला मिळेल का? तीन-चार वर्षांपूर्वीचं. ताजं सगळ्यांचंच छान दिसतं, धुऊन धुऊन काय उरतं ते बघायचं. त्यानं खालच्या कॅसेटवाल्याला वर बोलावलं. त्याच्या पोटरीवर पाच वर्षांपूर्वीचा गरुड होता. पिसं अजून वेगवेगळी मोजता येत होती. मग त्यानं आपण होऊन सुयांचं बंद पाकीट दाखवलं, गिऱ्हाइकासमोरच फोडतो म्हणाला, तेव्हा माझाही जीव भांड्यात पडला. शेवटी तो म्हणाला, नावावर काय घालायचं ते तुम्ही ठरवून आणा, घाई करू नका, घाईनं केलेलंच लोक माझ्याकडे बुजवायला आणतात.

कारागीर मिळाला. राहिली नक्षी.

आज बेंगळुरूत चौकाचौकात गोंदवायची दुकानं आहेत. आमच्या मजल्यावरच्या मुली मोबाइलवर हजार नमुने दाखवतात आणि विचारतात, आंटी, कुठलं घेऊ? मी त्यांना अक्कांचा नियम सांगते. भरतकामाला आलेल्या प्रत्येक नवरीला अक्का सांगायच्या: नक्षी आवडली ना, मग लगेच भरू नको. कागद घरी ने, बाहीला टाच, आठ दिवस येता-जाता आरशात बघ. नवव्या दिवशीही बघावीशी वाटली तर भर. बहुतेक मुली हसतात. एक-दोघी आठ दिवसांनी येऊन सांगतात, की नाही केलं ते बरं झालं.

तर अक्कांनी तोच नियम स्वतःच्या हाताला लावला. तीस वर्षांच्या खाक्यांची पत्र्याची पेटी उघडली. रॉकेलऐवजी खोबरेल तेलात नीळ कालवली, आणि अण्णा दुपारी पडले की माझ्याकडून उमटवून घ्यायच्या किंवा स्वतःच एका हातानं खाका हातावर उमटवायच्या. दर आठवड्याला एक नक्षी. बाही खाली, हूक बंद, कुणाला पत्ता नाही. पहिले आठ दिवस कोयऱ्या. कोयऱ्यांच्या मधून यशवंत डोकावत राहिला. मग कमळं. कमळांमुळे हात रांगोळीच्या पुस्तकासारखा दिसायला लागला, चौथ्या दिवशीच पुसली. मग पोपट. पोपट मला फार आवडला होता. मी शनिवारी ऑफिसातून आले की त्याच्या बाजूनं वकिली करायची. त्याचं पोट मोठं, सगळी अक्षरं पोटात जातील, असा माझा मुद्दा होता. अक्का हो-नाही करत होत्या. पुढल्या आठवड्यात डेरिककडे जायचं असं आम्ही कुजबुजत ठरवलं.

दुकानाला बुधवारी सुट्टी असायची, आणि त्या बुधवारी संक्रांतीमुळे मलाही होती. अण्णा लांब टेबलाशी आमच्या घरातल्याच कपड्यांना इस्त्री करत होते. अक्का पलीकडे बसून खाके लावत होत्या. मी जिन्याच्या खालच्या पायरीवर, कपात चहा घेऊन. अण्णांनी अक्कांचा एक ब्लाऊज घेतला, सवयीनं बाही उलटी केली, आणि इस्त्री फिरवता फिरवता, मान वर न करता म्हणाले,

“पोपट नको. त्याची चोच ‘श’वर येते. अक्षर तसंच दिसत राहील.”

उलट्या बाहीच्या आत निळीचा पोपट उमटला होता. त्याच्या शेजारच्या ब्लाऊजात कमळं होती, आणि त्याखालच्यात कोयऱ्या. एवढा सगळा गनिमी कावा आम्ही एका शिंप्यापासून लपवायला निघालो होतो आणि अंगावरचे कपडे त्याच्याच इस्त्रीखाली पाठवत होतो. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

अक्कांच्या हातातला खाका तसाच राहिला. पस्तीस वर्षं न विचारलेला प्रश्न त्यांनी तेव्हा विचारला, अगदी हळू आवाजात, पण विचारला.

“तुम्हाला बघवत नव्हतं म्हणूनच ना शिवत होता लांब बाह्या?”

अण्णांनी इस्त्री उभी केली. “मला काय व्हायचंय बघायला? तू त्या दिवशी तुझ्या वडलांनी सांगितलं म्हणून हात पुढं केलास, आन् सगळा वेळ डोळे मिटून बसलेलीस. मला वाटलं, हिला हे कुणाला दाखवायचं नाही. म्हणून शिवल्या.” बाहीची घडी घालत म्हणाले, “तू कधी आखूड शिवा म्हणाली नाहीस.”

“तुम्ही कधी विचारलं नाही.”

“नाही विचारलं,” अण्णा म्हणाले. “चुकलं ते.”

बाहेर गल्लीत कुणीतरी एळ्ळू-बेल्लाची, म्हणजे इकडच्या तिळगुळाची, पुडी घ्यायला हाका मारत होतं. मला रडू येत होतं आणि मी चहा पिण्याचं नाटक करत होते. दोन चांगली माणसं एकमेकांना दुखवायचं नाही म्हणून पस्तीस उन्हाळे त्या लांब बाह्यांत काढतात, याचा मला त्या क्षणी फार राग आला. दोघांवर प्रेम होतं म्हणूनच आला. त्यानंतर घरात मी कुठलीही गोष्ट मनात ठेवली नाही. नवऱ्याला त्याचा त्रास झाला, पण तो झेपण्यासारखा होता.

अण्णांनीच नक्षी काढली. त्याच दुपारी, खडूनं आधी टेबलावर, मग कागदावर. नुसतं झाकायला गेलं तर अक्षरं कधी ना कधी वर येणारच, असं त्यांचं म्हणणं. फाटक्या कापडावर ठिगळ लावायचं तर ठिगळ दिसतं, तिथं रफू करावा. त्यांनी नावाच्या वरची आडवी रेघ तशीच घेतली आणि तिला वेलाची मुख्य फांदी केली. अक्षरांच्या उभ्या काड्यांचे देठ झाले. ‘य’चा आणि ‘व’चा गोलावा पानांत मुरला. वरचं टिंब जाईची कळी झालं. काहीच खोडलं नव्हतं, आणि शोधूनही नाव सापडत नव्हतं. पस्तीस वर्षांत एकदाही या विषयावर न बोललेल्या माणसाला त्या अक्षरांचं वळण न् वळण पाठ होतं. अक्का कागदाकडे बघत राहिल्या. मग पेटीतली सुई काढली आणि स्वतःच टोचायला बसल्या.

आठ दिवसांचा नियम मात्र त्यांनी अण्णांच्या नक्षीलाही सोडला नाही. रोज सकाळी चहाच्या वेळी अण्णा विनाकारण अक्कांच्या हाताकडे बघायचे. नवव्या दिवशी अक्का म्हणाल्या, “सरी. चला.”

कामाच्या दिवशी दुकान बंद ठेवून अण्णा आमच्याबरोबर ब्रिगेड रोडला आले. असं त्यापूर्वी कधी झालं नव्हतं असं नवरा सांगतो. डेरिकनं खाका हातात घेतला आणि उजेडाला धरला. मग विचारलं, हे कुणी काढलं? अक्कांनी हनुवटीनं अण्णांकडे दाखवलं. त्यानंतर त्या दोघा पुरुषांचं असं काही जमलं, की मी आणि अक्का बाजूलाच पडलो. सुई किती जाडीची, मिनिटाला टाके किती पडतात, हात कुठे टेकवता, शाई पसरू नये म्हणून काय करता. अण्णा यंत्राला कान लावून ऐकत होते. शेवटी अक्का म्हणाल्या, तुमचं झालं असेल तर माझा हात घ्या, मला घरी भात टाकायचाय.

काम तीन तास चाललं. दुखलं तर त्या सांगत नव्हत्या, फक्त मध्ये मध्ये माझा अंगठा दाबत होत्या. अण्णा समोरच्या स्टुलावर बसून एकेक पान उतरताना बघत होते. एकदा डेरिक कळीपाशी आला तेव्हा ते म्हणाले, जरा खाली घे, आणि त्यानं घेतली. माझ्या डाव्या अंगठ्यावर त्या दिवशीच्या नखांच्या खुणा दोन दिवस होत्या. त्या गेल्या तेव्हा मला जरा वाईटच वाटलं.

पुढचे पंधरा दिवस हात जपण्यात गेले. भांडी मी घासली, पापड मी लाटले आणि ते पापड बघून शेजारणीनं पुण्याविषयी जे मत बनवलं ते अजून बदललेलं नाही. खपली पडली, काळा रंग बसला, आणि अण्णांनी हिरव्या रेशमी कापडाचा, कोपराच्या वर बाही असलेला ब्लाऊज शिवला. अक्का तो घालून आरशासमोर उभ्या राहिल्या आणि हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना. आधी पदराखाली घेतले, मग मागे, मग नुसतेच सोडले.

बांगड्यांच्या दिवशी आमच्या वरच्या खोलीत बायकाच बायका. नलूचे हात भरून झाले. कासारणीनं अक्कांचा हात मांडीवर घेतला आणि बोटं दाबून मऊ केली. विहीणबाई शेजारीच होत्या. मी अक्कांच्या मागे उभी होते, मला त्यांच्या मानेवरचा घाम दिसत होता. हिरव्या बांगड्या एकेक करून चढत होत्या आणि त्यांच्या वर तो वेल, मोकळा, सगळ्यांसमोर. विहीणबाईंनी हात पुढे करून पानांवरून बोट फिरवलं. इतकी सुबक नक्षी आमच्याकडे बेळगावातही बघितली नाही, म्हणाल्या, कुणी काढून दिली?

आता नवऱ्याचं नाव बायका सरळ घेत नाहीत, निदान अक्कांच्या पिढीतल्या घेत नसत. उखाणा असेल तर त्यात गुंडाळून, नाहीतर ‘हे’, ‘आमच्या घरचे’, नाहीतर नुसती हनुवटी. कासारणीनं लगेच ओळखलं आणि हसून म्हणाली, नाव घ्या, विहीणबाई विचारतात. दोन-तीन बायका उखाणा ऐकायला सरसावून बसल्या. अण्णा त्याच वेळी आहेराच्या साड्यांचा गठ्ठा घेऊन जिना चढून वर आले होते आणि बायकांची गर्दी बघून दारातच थबकले होते. अक्कांची त्यांच्याकडे पाठ होती.

अक्कांनी उखाणा घेतला नाही. त्यांनी हात थोडा वर उचलला, बांगड्या वाजल्या.

“मारुतीनं,” त्या म्हणाल्या. “माझ्या मारुतीनं काढलाय.”

दारातून अण्णांनी “ओ” दिली.